यिर्मयाने शेत घेतलं, तेव्हा शहराला वेढा पडला होता

वाचकाचं पत्र, थोडक्यात

हे पत्र नगरकडच्या एका गावातून आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहिणाऱ्या ताई अंगणवाडीत काम करतात, नवरा साखर कारखान्यात नोकरीला आहे. घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. थोरले दीर करोनात गेले, आणि तेव्हापासून नवरा रात्र रात्र मोबाइलवर एका प्रचारकाची प्रवचनं ऐकतो. त्या प्रचारकाचा हिशोब असा : मत्तय 24 मधल्या दाखल्यातलं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, त्याला पालवी फुटली 1948 मध्ये, म्हणजे तो देश उभा राहिला तेव्हा; ते बघणारी 'ही पिढी' म्हणजे स्तोत्र 90 मधली ऐंशी वर्षं, म्हणून प्रभू पुन्हा येणार 2028 मध्ये. नवऱ्याला आता मुलीच्या नावाने काढलेली विमा पॉलिसी मोडायची आहे आणि वीस गुंठे जमीन विकून पैसे 'शेवटच्या कापणीसाठी' द्यायचे आहेत. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. वडील म्हणतात, चार वर्षांचा कोर्स पुरा होणारच नाही. नऊ वर्षांचा मुलगा शाळेतून आला आणि आई स्वयंपाकघरात दिसली नाही, तर किंचाळून रडतो. त्याला वाटतं प्रभूने सगळ्यांना वर उचलून नेलं आणि तो एकटा मागे राहिला. पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, हे विषय नको, भांडणं होतात. ताईंचे प्रश्न दोन : "हिशोब खोटा म्हटलं तर मी अविश्वासी ठरते का? आणि तो खरा असला, तर मुलीला फॉर्म भरायला सांगून मी चूक करतेय का?"

उत्तर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझं लक्ष 2028 वर गेलं, दुसऱ्यांदा तुमच्या मुलावर. त्याच्याकडे शेवटी येते, पण तोवर तो मनात आहे हे समजून घ्या.

तुमच्या पहिल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात. प्रभू पुन्हा येणार, हा मंडळीचा विश्वास. उपासनेत मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, म्हणताना तो आपण उभं राहून म्हणतो. अमुक साली येणार, हा एका माणसाने केलेला बेरजेचा कागद. कागदावर बोट ठेवल्याने विश्वासाला धक्का लागत नाही. मार्क 13:32 काढा. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही आणि पुत्रालाही नाही, असं प्रभू स्वतः सांगतो. आणि प्रेषितांची कृत्ये 1:7. तिथे तर शिष्य समोर उभे राहून विचारतायत, प्रभूजी, आत्ताच का? त्यावर उत्तर मिळतं की काळ आणि समय पित्याने स्वतःच्या हातात ठेवलेत. ऑगस्टीनने पाचव्या शतकात याच वचनावर लिहिताना म्हटलं होतं की प्रभूने इथे हिशोब करणाऱ्यांची बोटं सैल केली आणि त्यांना स्वस्थ बसायला सांगितलं. बोटांच्या पेरांवर मोजणारे तेव्हाही कमी नव्हते.

आता तो कागद बघू. तो मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझे वडील पाळक होते. त्यांच्या पवित्र शास्त्रात मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं : 1948 + 40 = 1988. चाळीस का, तर रानात भटकलेली पिढी चाळीस वर्षांत संपली म्हणून. त्या काळी हा हिशोब जगभर फिरत होता. अमेरिकेत एका माजी अभियंत्याने तर 1988 च्या सप्टेंबरात प्रभू येण्याची 88 कारणं देणारी पुस्तिका काढली होती, आणि वर्ष सरल्यावर तारीख एका वर्षाने पुढे ढकलून नवी काढली. आमच्या घराची कौलं बदलायला झाली होती. वडिलांनी ते दोन पावसाळे टाळलं. "आता कशाला?" म्हणायचे. आई गळतीखाली पातेली मांडायची आणि काही बोलायची नाही. पुढे कधीतरी त्यांनी समासातला तो आकडा खोडरबराने पुसला, पण पेन्सिल जोरात दाबून लिहिलेली, कागदावर वळ राहिलाच. ते पुस्तक आता माझ्याकडे आहे. तिरप्या उजेडात धरलं की 1988 अजून वाचता येतं.

म्हणून तुमचा 2028 वाचून मी दचकले नाही. चाळीस वर्षांची पिढी धरली तर 1988. सत्तरची धरली तर 2018. ऐंशीची धरली तर 2028. त्यातून शेवटाआधी येणार असं मानलेली संकटाची सात वर्षं वजा करणारे 2021 सांगत होते, तेही साल मागे पडलं. कापड तेच आहे, गज बदलत गेलाय. स्तोत्र 90 मध्ये सत्तर-ऐंशी वर्षं आहेत खरी, पण ती माणसाच्या आयुष्याबद्दल, आणि त्याच स्तोत्रात चार-सहा ओळी आधी म्हटलंय की देवाला हजार वर्षं कालच्या सरलेल्या दिवसासारखी.

आणि अंजिराचं झाड. हाच दाखला लूकच्या एकविसाव्या अध्यायात काढून बघा. तिथे शब्द आहेत, "अंजिराचं झाड आणि इतर सर्व झाडं." अंजीर म्हणजे इस्राएल असेल तर इतर सगळी झाडं कोणते देश? मला तरी तो साधा शेतकरी दाखला वाटतो : पालवी दिसली की उन्हाळा जवळ आला हे तुम्हाला कळतं, तसं. 'ही पिढी' या शब्दांवर अभ्यासकांत एकमत नाही. काही म्हणतात, ती समोर बसून ऐकणारीच माणसं होती. प्रभूने मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही म्हटलं, आणि साधारण चाळीस वर्षांनी, इ.स. 70 मध्ये, रोमी सेनापती तीताच्या सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळून पाडलं. दुसरे म्हणतात, त्या अध्यायातला काही भाग तेव्हा पुरा झाला, काही व्हायचा आहे. मला दुसरं म्हणणं पटतं. पण पहिलं मानणाराही आपल्यासारखाच विश्वासणारा आहे, हे तुमच्या नवऱ्याला त्या प्रवचनांतून कोणी सांगितलेलं नसणार.

दानीएलाचे आकडे मी थोडक्यात घेते, कारण त्यात शिरलं की बाहेर पडायला वर्ष लागतं. 'दिवस म्हणजे वर्ष' हा नियम गणना 14 आणि यहेज्केल 4 मधून घेतात. मात्र तिथे देवाने त्या त्या प्रसंगापुरतं ते उघड सांगितलंय, सगळ्या शास्त्राला लावा असं सांगितलेलं नाही. दानीएल 9 मधली सत्तर सप्तकं, म्हणजे सात-सातचे सत्तर गट, मोजायला कुठून सुरुवात करायची, इ.स.पू. 538, 457 की 444, यावर विद्वानांचंच जमत नाही. न्यूयॉर्क राज्यातले शेतकरी विल्यम मिलर यांनी दानीएल 8:14 चे 2300 दिवस 457 पासून मोजले. शेवटी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख ठरली. हजारो माणसं त्या रात्री जागत बसली, काहींनी उभं पीक शेतात तसंच ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा सूर्य उगवला. त्या निराशेतून सावरलेल्यांतून पुढे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी उभी राहिली. पुण्यात औंधचं स्पायसर त्यांचंच. 1844 चा अर्थ त्यांनी वेगळा लावला, पण पुन्हा येण्याची तारीख ठरवण्याच्या फंदात ती मंडळी पडली नाही. पोळलेल्या माणसांचं हे शहाणपण मला मोलाचं वाटतं.

सगळे मिलरसारखे प्रामाणिक नसतात. दक्षिण कोरियात एका पाळकाने 28 ऑक्टोबर 1992 ही तारीख दिली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. तपासात निघालं की या पाळकाने स्वतः घेतलेल्या रोख्यांची मुदत त्या तारखेनंतर पुरी होणार होती. फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. 2011 मध्ये अमेरिकेतल्या एका रेडिओ प्रचारकाने 21 मे सांगितली. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने तिच्या जाहिरातींवर आयुष्याची पुंजी, 1 लाख 40 हजार डॉलर, घातली. पुढच्या वर्षी प्रचारकाने चूक कबूल केली. त्या गृहस्थाचे पैसे गेले ते गेलेच. तुमच्या नवऱ्याच्या प्रचारकाबद्दल मला काही माहीत नाही आणि मी आरोप करत नाही. पण एक साधी चौकशी करता येईल : त्यांचं गृहकर्ज आहे का, आणि त्याचा शेवटचा हप्ता कोणत्या सालचा?

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. हिशोब खरा असला तर? तुम्ही आणि तुमचे पती दोघंही एक गोष्ट धरून चाललाय, की शेवट जवळ असेल तर शेत, शिक्षण, पॉलिसी हे सगळं फुकट. हे कुठून आलं? शास्त्रात जिथे खरोखर आकडा दिलाय, तिथे काय सांगितलंय ते बघू.

यिर्मया संदेष्ट्याने आपल्या लोकांच्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासाला सत्तर वर्षं दिली. त्याच सुमाराला हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहिला आणि मंदिरात, सगळ्यांसमोर म्हणाला, दोन वर्षं! बंदिवासाची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू त्याने काढून मोडलं. यिर्मया काय म्हणाला? "आमेन, परमेश्वर असंच करो." त्यालाही लवकर सुटका हवीच होती. पण जवळची तारीख खोटी निघाली आणि लांबची खरी. मग यिर्मया बंदिवानांना पत्र पाठवतो, एकोणतिसाव्या अध्यायात आहे. त्यात तो त्यांना सांगतो : घरं बांधा, राहा; बागा लावा, फळं खा; मुलामुलींची लग्नं करा; ज्या नगरात आहात त्याचं भलं बघा.

ही सत्तर वर्षं तरी कुठून कुठे मोजायची? इ.स.पू. 605 ला पहिली माणसं नेली तिथून 538 च्या परतीपर्यंत मोजलं तर सदुसष्ट भरतात. 586 ला मंदिर पडलं तिथून 516 ला नवं उभं राहिलं तिथवर मोजलं तर बरोबर सत्तर. भाकीत पुरं होऊन अडीच हजार वर्षं झाली, तरी आपण दोन पद्धतींनी मोजतोय. जे झालं ते मागे वळून ओळखता येतं; पुढचं मोजायला बसणाऱ्याने इतकी खात्री कुठून आणावी? दानीएलाने तो सत्तरचा आकडा वाचला तेव्हा त्याने काय केलं, हेही नवव्या अध्यायात आहे. तो उपास धरून, गोणपाट नेसून आपल्या लोकांची पापं कबूल करत बसला. सामान विकायला निघाला नाही.

आणि बत्तिसावा अध्याय. हा तुम्ही घरी मोठ्याने वाचावा असं मला फार वाटतं. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातलाय. शहर पडणार हे यिर्मयाला पक्कं माहीत आहे, तेच सांगितल्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी चुलतभाऊ येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. ज्या मुलखावर शत्रूची छावणी बसलीय तिथलं शेत! यिर्मया सतरा शेकेल रुपं तागडीत तोलून देतो. खरेदीखत होतं, साक्षीदार सह्या करतात, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही प्रती तो आपला लेखनिक बारूख याला मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बसलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल इतकं बारीक वर्णन आहे ते. शेवट खरोखर दारात होता आणि देवाच्या माणसाने जमीन विकत घेतली.

ही फक्त जुन्या करारातली गोष्ट म्हणून सोडू नका. थेस्सलनीकाच्या मंडळीत प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशी आवई उठली होती, आणि तिथेच काही लोक काम टाकून बसले होते. पौल त्यांना सांगतो, स्वस्थ काम करा आणि आपली भाकर खा. आपल्याकडे बघायचं तर दौंडजवळच्या केडगावला बघा. पंडिता रमाबाईंनी तिथे विहिरी खणल्या, मुलींना छापखान्यात खिळे जुळवायला शिकवलं, आणि 1922 मध्ये मरण येईपर्यंत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरावर झिजत राहिल्या. प्रार्थनेत त्या कमी पडल्या असं कोणी म्हणणार नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, आता रात्री नवऱ्याला बसवून एकेक मुद्दा खोडते. ताई, तसं करू नका. हिशोबाला हिशोबाने उत्तर दिलं की समोरचा नवा हिशोब आणतो, आणि रात्री अकरानंतर त्याच्या हातात मोबाइल असतो, तुमच्या हातात उद्याचा डबा. त्या प्रवचनांची सुरुवात कधी झाली हे तुम्हीच लिहिलंय. भाऊ गेला. त्या दिवसांत मयताचं तोंडही धड बघायला मिळत नव्हतं, दफनाला चार माणसं. तुमच्या पतींना 2028 हवाय, त्यात भाऊ लवकर भेटण्याची आशा असेल, असं मला वाटतं. थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, जिथून 'उचलून घेतलं जाण्या'ची शिकवण निघते, तो मुळात लिहिलाच मुळी मेलेल्या माणसांसाठी रडणाऱ्यांना. त्यांना भावाबद्दल विचारा. दिरांचे फोटो काढा. करोनात राहून गेलेली स्मरणाची प्रार्थना आता घरी ठेवा, पाळकांना बोलवा. पाळक आकड्यांवर बोलायला घाबरत असतील, स्मरणसभेला नाही म्हणणार नाहीत. त्यांनी विषय टाळला ते मात्र मला पटलं नाही. मंडळीत दानीएल आणि प्रकटीकरण शिकवलं नाही, की माणसं ते मोबाइलवर शिकतात. तुमच्यासारख्या दोन-तीन घरांनी मिळून मागणी केली तर बायबल अभ्यासात हा विषय घ्यावाच लागेल. एकट्या बाईने विचारलं की टाळता येतं.

त्यांची झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, किंवा आवाज ऐकू येतात असं ते सांगत असतील, तर प्रार्थनेच्या जोडीला डॉक्टरही गाठा. त्यात अविश्वास नाही. लूक वैद्यच होता.

पैशाच्या बाबतीत मात्र वाट बघत बसू नका. तलाठ्याकडून किंवा ऑनलाइन सातबारा काढून घ्या आणि त्यावर कोणाकोणाची नावं आहेत बघा. दिरांचं नाव असेल तर त्यांच्या मागच्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचा हिस्सा विकता येणार नाही, आणि वहिनींना हे आजच कळायला हवं. ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो, हिंदू कुटुंबांचे नियम नाही, म्हणून शेजारणीचं ऐकून न चालता तालुक्याच्या वकिलाला कागद दाखवा. पॉलिसी कोणाच्या नावावर आहे, आत्ता मोडली तर हातात किती येणार आणि किती बुडणार, हे विमा कार्यालयातून लेखी आणा. आकड्यांवर विश्वास असलेल्या माणसापुढे तो आकडाही ठेवावा. आणि पतींना एवढंच मागा : दशांश द्या, वर द्यायचं असेल ते महिन्याच्या पगारातून द्या, पण परत न येणाऱ्या कोणत्याही कागदावर दोघांनी मिळून, सकाळच्या वेळी, वहिनींसमोर बोलल्याशिवाय सही नको. देवाचं काम तुमच्या वीस गुंठ्यांसाठी अडलेलं नाही. ज्याला ते घाईने हवे आहेत, त्याला घाई का आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मुलीचा फॉर्म भरा. नर्सिंगच्या सीईटीची शेवटची तारीख प्रचारकाला विचारून बदलत नाही. तिला वडिलांविरुद्ध उभं करू नका. उलट फॉर्म भरताना त्यांना शेजारी बसवा, जातीचा दाखला आणि मार्कलिस्ट त्यांनाच स्कॅन करून आणायला सांगा. कारखान्यात कागदपत्रं सांभाळणाऱ्या माणसाला हे काम जमतं, आणि हातात काम असलं की डोक्यातलं थोडं खाली उतरतं. करोनात दिरांच्या शेवटच्या रात्री त्यांच्या खाटेशी कोण होतं, हे एकदा मुलीसमोर आठवा. मिरजेपासून नगरपर्यंत आपल्या किती मुली त्या वॉर्डांत उभ्या होत्या.

आणि आता तुमचा मुलगा. घर रिकामं दिसलं की आपण टाकले गेलो असं नऊ वर्षांच्या मुलाला वाटतं, यात शास्त्र कुठेच नाही. त्याच्या कानावर जे पडायला नको होतं ते पडलंय. घरात ती प्रवचनं मोठ्याने लागणार नाहीत, हेडफोन लावा, एवढं पतींकडून आजच कबूल करून घ्या. यावर ते भांडणार नाहीत, त्यांनाही ते रडणं ऐकू येतच असेल. मुलाला रात्री झोपवताना शंभर मेंढरांची गोष्ट सांगा, एक हरवलं तेव्हा नव्व्याण्णव ठेवून त्याच्यामागे गेलेल्या मेंढपाळाची. आणि दाराच्या आत, त्याच्या उंचीला, एक पाटी टांगा. शाळा सुटायच्या वेळी बाहेर जायचं झालं की तिच्यावर खडूने लिहून जा : 'दळण आणायला गिरणीत गेलेय. दहा मिनिटांत येते. डब्यात चिवडा आहे.'